हातझाडे सरांचा हात

डॉ. आयुष निमगडेला दुसऱ्याच्या हायड्रोसिलांचा मत्सर वाटू लागला, तेव्हा घरचे त्याच्यासाठी मुली पाहत होते. मुलीकडच्यांना सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. घरच्यांना सांगण्यासारखीही नव्हती. त्यामुळे ती त्याने मनातच ठेवली आणि मनात ती दिवसेंदिवस फुगत गेली, म्हणजे हायड्रोसिलसारखीच.

आयुष सर्जन होत होता. चंद्रपुरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात सर्जरीचं शिक्षण चालू होतं, दुसरं वर्ष होतं, आणि तिथे दरवर्षी सर्जरीच्या दोनच जागा असायच्या. त्याच्या वर्षीची दुसरी जागा दिव्यानी बोरकुटेची होती. तो बल्लारपूरचा, ती सावलीची. दोघं एकाच दिवशी रुजू झाले, एकाच मेसमध्ये एकच पातळ वरण जेवले आणि पहिलं वर्षभर दोघांनाही हात भेटला नाही.

हात भेटणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. सर्जरी शिकणाऱ्या पोरांच्या भाषेत, ऑपरेशन चालू असताना सर बाजूला होतात आणि "घे, तू कर" म्हणतात, त्याला हात भेटणं म्हणतात. बाकीच्या जगात लोकांना पगार भेटतो, मुलगी भेटते, एसटीत खिडकी भेटते. यांना हात भेटतो. आणि ज्याला भेटत नाही तो रिट्रॅक्टर धरतो. रिट्रॅक्टर हे स्टीलचं वाकडं हत्यार. त्याने पोटाची कड ओढून धरायची, म्हणजे सरांना आतलं नीट दिसतं. धरणाऱ्याला मात्र आतलं काही दिसत नाही, त्याला सरांचा खांदा दिसतो. वर्षभरात आयुषने पित्ताशय फारसं पाहिलं नव्हतं, पण सरांच्या मानेवरचा तीळ तो अंधारातसुद्धा ओळखू शकला असता.

सरांचं आडनाव हातझाडे होतं. असं आडनाव आपल्याकडे असतं, त्यात सरांचा काही दोष नाही. पण विभागप्रमुखाचंच नाव हातझाडे असल्यावर पोरांनी कोणाकडे पाहावं, असं आयुषला वाटायचं.

सर माणूस म्हणून देवमाणूस होते आणि सर्जन म्हणून त्याहून चांगले. फक्त त्यांना एक शब्द लागला होता, जसा काहींना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागतो. तो शब्द म्हणजे "थांब". आयुषने सुरी उचलली की थांब. दोरा कापायला कात्री उघडली की थांब. लिफ्टचं बटण दाबायला बोट पुढे केलं तरी सर मागून थांब म्हणायचे, आणि मग काही क्षण विचार करून, "हं, दाब." दुसरी खोड अशी, की जांघेतली कोणतीही गाठ आली की सर पोराला तिच्या मुळाशी अंगठा आणि बोट लावायला लावायचे आणि विचारायचे, "बोटं वर जुळतात का?" बोटं गाठीच्या वर एकमेकांना भिडली तर गाठ खालचीच आहे, पाण्याची, म्हणजे हायड्रोसिल. नाही भिडली तर ती वरून, पोटातून आलेली आहे, म्हणजे हर्निया, आत आतडं असू शकतं. हे ज्ञान एकदा सांगून भागण्यासारखं होतं. सर ते रोज सांगायचे. एकदा तर कानाचं भोक फाटलेल्या बाईला तपासतानाही त्यांच्या तोंडून "बोटं वर जुळतात का" निघून गेलं होतं.

वर्षाच्या शेवटी वरच्या बोर्डाकडून फोनवर विचारणा व्हायची, तुमच्या प्रशिक्षणाचा दर्जा तुम्हाला कसा वाटतो, पाचपैकी किती चांदण्या द्याल. पहिल्या वर्षी आयुषने चार दिल्या होत्या. का दिल्या, असं दिव्यानीने विचारलं तेव्हा त्याने वरण तिच्याकडे सरकवलं होतं. खरं उत्तर सोपं होतं. दिव्यानीलाही हात भेटला नव्हता. दोघंही उपाशी असले की मेसचं जेवण वाईट म्हणवत नाही.

मग दुसऱ्या वर्षाचं जिल्ह्याचं पोस्टिंग आलं.

नियमाप्रमाणे प्रत्येकाला काही महिने सरकारी दवाखान्यात जाऊन काम करायचं होतं. एक जागा चंद्रपुरातच होती, दुसरी गडचिरोलीत, आलापल्लीच्याही पुढे जंगलातल्या एका ग्रामीण रुग्णालयात. आयुषने ही लढाई पहिल्याच दिवशी जिंकली. तो सरांकडे गेला आणि आपल्याला डासांची ॲलर्जी आहे, असं त्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलं. चंद्रपुरात डास नसतात का, असं सरांनी विचारलं नाही, कारण त्या वेळी एक डास सरांच्याच कपाळावर बसला होता आणि ते त्यात गुंतले होते. दिव्यानीला जंगल मिळालं. आयुषने तिला निरोप देताना एक मच्छरदाणी भेट दिली. ती देताना आपण किती मोठ्या मनाचे आहोत, या विचाराने त्याला स्वतःलाच भरून आलं होतं.

पहिला फोटो आठवड्याभरात आला.

फोटोत एक बादली होती. बादलीत पिवळसर पाणी होतं. खाली दिव्यानीने लिहिलं होतं, "एकाच माणसाचं. पूर्ण मी केलं. सुरुवातीपासून टाक्यापर्यंत."

त्या भागात हत्तीरोग जुना. डास चावतो, वर्षं जातात, कोणाचा पाय फुगतो आणि पुष्कळ पुरुषांच्या अंडकोशात पाणी भरतं. लाजेपायी माणसं धोतराखाली ते ओझं वागवत धान कापतात, मोहफुलं वेचतात आणि नातवांच्या लग्नात नाचतातसुद्धा. आता सरकारने ठरवलं होतं की सगळ्यांची ऑपरेशनं करून टाकायची. आणि त्या रुग्णालयात सर्जन म्हणावी अशी एकच व्यक्ती होती, तिचं नाव दिव्यानी बोरकुटे. तिला हात कोणी द्यायची गरजच नव्हती. सगळे हात तिचेच होते.

आयुष त्या दिवशी रिट्रॅक्टर धरून उभा होता. जिल्ह्याचं पोस्टिंग चंद्रपुरातलं असल्यामुळे तिथली सकाळ आटोपली की सर त्याला दुपारी परत बोलवून घ्यायचे. तू जवळच आहेस ना, म्हणायचे. सरांच्या मानेवरच्या तिळाकडे पाहत त्याने हिशोब केला, की आपण डासांना घाबरलो नसतो तर ती बादली आपली असती. त्याला आयुष्यात कधी बादलीचा हेवा वाटला नव्हता. तो वाटला, आणि चांगलाच वाटला. तोंडात कडू चव आली आणि हातातला रिट्रॅक्टर जरा सरकला. सरांनी विचारलं, "हलतोयस का?" तो म्हणाला, "नाही सर." सर म्हणाले, "थांब तिथेच."

मग फोटो येतच राहिले. कधी बादली, कधी टाक्यांची सरळ रेघ, कधी ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांची व्हरांड्यात ऊन खात बसलेली रांग. शेवटच्या फोटोत एका म्हाताऱ्याने दिव्यानीच्या डोक्यावर हात ठेवला होता. आयुषने तो फोटो मोठा करून पाहिला, कुठे टाके तिरके आहेत का ते शोधायला, पण फोटोत टाकेच नव्हते. फक्त म्हातारा खूष दिसत होता. हे जास्तच वाईट होतं.

दिव्यानीचे बाबा चंद्रपूरच्या बाजारात भेटले की आयुषच्या बाबांना सांगायचे, पोरगी लय ऑपरेशनं करून राह्यली. मग आयुषचे बाबा घरी येऊन फोनवर विचारायचे, "तू का करून राह्यला बे?" आयुष म्हणायचा, की चंद्रपुरात ऑपरेशनं मोठी असतात, त्यात टीम असते. बाबा म्हणायचे, "तुयं काम का असते त्यात?" तो म्हणायचा, एक्सपोजर. बाबांनी हा शब्द कोळशाच्या खाणीत ऐकला होता. तिथे त्याचा अर्थ छातीत धूळ जाणं असा होता आणि तो चांगला नव्हता, म्हणून ते फोन ठेवायचे.

हिवाळ्यात दिव्यानीचा फोन आला. मोठं शिबिर आहे, आजूबाजूच्या गावांतून पुष्कळ पेशंट येणार आहेत, एकटीने होणार नाही. येतोस का? आणि मग तिने विचारलं, डासांचं कसं करशील? आयुष म्हणाला, ॲलर्जी गेली. कशाने गेली, असं तिने विचारलं. तो म्हणाला, हिवाळा आहे.

तो आष्टीमार्गे निघाला. आलापल्लीच्या पुढे एसटी सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत अडकली आणि उतरला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाचा रंग विटेसारखा झाला होता. पण त्याला काही वाटलं नाही. आपल्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण ऑपरेशन, सुरुवातीपासून टाक्यापर्यंत, या जंगलात आपली वाट पाहत आहे, एवढंच त्याला दिसत होतं. मोठं काही मागणं नव्हतं. एक हायड्रोसिल. सर्जरीत त्याच्याहून साधं ऑपरेशन शोधायचं तर नखं कापण्यापर्यंत जावं लागतं.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात माणसं बसली होती. नीलाबाई सिस्टर नावं पुकारत होत्या. आयुष हात धुऊन, गाऊन चढवून तयार झाला आणि पहिलं नाव त्याच्या टेबलावर आलं. पेशंट आत आला, त्याने आयुषकडे पाहिलं आणि नीलाबाईंना विचारलं, "बाई कुठी हाये?"

नीलाबाई म्हणाल्या, हे डॉक्टर चंद्रपूरहून आले आहेत, मोठ्या हॉस्पिटलातले. पेशंट म्हणाला, असतील जी, पण बाईचा हातगुण चांगला आहे, आपण बाईकडूनच करणार. आणि तो परत जाऊन रांगेत बसला.

दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याने आत न येता दारातूनच केलं. जी माणसं वर्षानुवर्षं बायकोलासुद्धा न दाखवता धोतर सांभाळत आली होती, ती आता एका सावलीच्या पोरीसमोर ते सोडायला रांग लावून बसली होती, आणि पुरुष डॉक्टर नको म्हणत होती. कारण गावोगावी एकच बातमी गेली होती, बाईचा हात हलका आहे. आयुषने सर्जरीची पुस्तकं वाचली होती. जंतुनाशकावर प्रकरण होतं, टाक्यांवर होतं. हातगुणावर एक ओळ नव्हती.

दुपारपर्यंत तो नुसता उभा होता. गाऊन घातलेला, हातमोजे घातलेले, दोन्ही हात छातीशी धरून, म्हणजे नमस्कार करायला निघालेला माणूस मध्येच विसरावा तसा. पलीकडच्या टेबलावर दिव्यानी एकामागून एक करत होती. मध्ये एकदा तिने मान वळवून विचारलं, "बोर होत असशील तर रिट्रॅक्टर धरतो का?" तिने चांगल्या मनाने विचारलं होतं. आयुषला वाटलं, आपल्याला खाली जमिनीत पुरावं आणि वर एक मच्छरदाणी लावावी.

आणि मग लटारूभाऊ आले.

लटारूभाऊ व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांची बायको अंजनाबाई नीलाबाईंशी भांडत होती. भाऊंचं म्हणणं एकच होतं, बाईमाणसासमोर धोतर सोडणार नाही, मरण आलं तरी नाही. अख्ख्या शिबिरात लाज शिल्लक असलेला हा एकच माणूस होता, आणि तो आयुषच्या वाट्याला आला होता. आयुषला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्याने लगेच त्यांना आत घेतलं, कोणी त्यांचं मन वळवायच्या आत.

त्याच वेळी प्रसूतीच्या खोलीतून दिव्यानीला बोलावणं आलं आणि ती धावत गेली. म्हणजे आता थिएटरात सर्जन म्हणावा असा एकटा आयुष होता. हे इतकं जमून आलं, की त्याला आपल्या नशिबावर संशय यायला हवा होता. तो आला नाही.

गाठ मोठी होती. कागदावर आधीच लिहून आलेलं होतं, अंडवृद्धी, उजवी बाजू. गावात येऊन गेलेल्या पथकाने पाहिलं होतं, कोणीतरी शिक्का मारला होता. नीलाबाईंनी ट्रे लावला आणि भाऊंच्या हट्टापायी त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आयुषने जांघ पुसली, हिरवी चादर टाकली, भूल द्यायची सुई भरली. ही सुई गाठीच्या मुळाशी, जिथून दोरीसारखी नस वर जाते, तिथे द्यायची असते. त्याने मुळाशी अंगठा लावला, पलीकडून बोट लावलं आणि ते जुळवायला गेला.

जुळलं नाही.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये काहीतरी जाडजूड होतं आणि ते वर पोटाकडे जात होतं. जुन्या गाठीत असं होतं कधीकधी, असं त्याने स्वतःला सांगितलं. कातडं जाड होतं, सूज असते. त्याने स्वतःला पुष्कळ काही सांगितलं. भूक लागलेला माणूस ताटातल्या खड्यालाही शेंगदाणा म्हणतो. बाहेर व्हरांड्यात जी माणसं बाई कुठी हाये म्हणत होती, ती सगळी त्याला दिसत होती. बादलीचा फोटो दिसत होता, फक्त या वेळी बादली त्याची होती.

नेमके तेव्हाच लटारूभाऊ खोकले. बिडीचा जुना, मुरलेला खोकला होता तो. आणि आयुषच्या बोटांखाली काहीतरी गुडगुडलं आणि पुढे आलं. पाणी गुडगुडत नाही. आतडं गुडगुडतं.

"थांब," थिएटरात कोणीतरी म्हणालं. आवाज हातझाडे सरांचा होता. नीलाबाईंनी दचकून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आयुषच्याच तोंडून तो शब्द निघाला होता, सरांच्याच सुरात, थोडं नाकातून.

सुई त्याने ट्रेमध्ये परत ठेवली. मग तो तिथेच स्टुलावर बसला आणि त्याला रडू आलं नाही, एवढंच म्हणता येईल.

दिव्यानी परतली तेव्हा तिला वाटलं, पेशंटला काही झालं. आयुषने सांगितलं, की पेशंटला काहीही झालेलं नाही, तेच तर दुःख आहे. तिने हातमोजा घातला आणि भाऊंची परवानगी मागितली. भाऊंनी डोळे मिटून, तोंडावर चादर ओढून ती दिली. तिने मुळाशी बोटं लावली. मग हात काढून घेतला आणि कागदावरचा शिक्का पुन्हा पाहिला.

"तुले कसं समजलं?" तिने विचारलं.

"बोटं वर जुळले नाई."

"मी ते पाहतच नाई आता. शिक्का पाहते न सुरू करते." ती बाजूच्या स्टुलावर बसली. "आजपर्यंत असा एकही निघाला नाई. निघाला असता तं मी सरळ आतड्यात गेली असती. इथी मले कोण थांब म्हणणार होतं, नीलाबाई?"

नीलाबाई म्हणाल्या, मी कशाला म्हणू डॉक्टरीनबाईला.

"तुले तिथी सर दिवसभर थांब थांब म्हणत राह्यतात," दिव्यानी म्हणाली. "मले वाटे, बिचारा. आता वाटून राह्यलं..." आणि तिने हातमोजा ओढून काढला.

आयुषला तिची दया यायला हवी होती. क्षणभर आलीही. पण त्या वाक्याच्या न बोललेल्या अर्ध्या भागात त्याला एक ओळखीची चव लागली. ती कडू चव तो कित्येक महिने एकटा खात होता. आता ती दुसऱ्याच्या तोंडात होती. त्याला एकदम भूक लागली.

लटारूभाऊंचं ऑपरेशन तिथे होण्यासारखं नव्हतं. हर्निया मोठा होता, जाळी बसवावी लागणार होती, मोठी भूल लागणार होती. चंद्रपूरला न्यायचं ठरलं. भाऊ नाही म्हणाले. मग अंजनाबाईने त्यांना व्हरांड्यात नेऊन काहीतरी समजावलं. काय समजावलं ते कळलं नाही, पण भाऊ परत आले आणि म्हणाले, की येतो, पण हाच डॉक्टर पाहिजे. आयुष म्हणाला, मी आहेच तिथे. तो खरं बोलत होता. तो तिथे असतोच, रिट्रॅक्टर धरून.

चंद्रपुरात सरांनी लटारूभाऊंना तपासलं, आयुषकडे पाहिलं आणि विचारलं, कसं ओळखलंस. आयुषने सांगितलं. सर "हं" म्हणाले. एवढंच. शाबासकीही त्यांनी थांबवून ठेवली.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊ टेबलावर होते. पाठीत भूल द्यायची होती, म्हणजे माणूस जागा राहतो. सर हात धुऊन आले, आयुष नेहमीच्या जागी रिट्रॅक्टरजवळ उभा राहिला. भाऊंनी मान वर करून पाहिलं आणि सगळं अवघड झालं.

"साहेब, तुमी बाजूले व्हा जी," ते सरांना म्हणाले. "याचा हात पायजे मले."

सर हसले. म्हणाले, भाऊ, तो शिकतोय अजून.

"शिकू द्या. याच्या हाताले यश हाये."

"भाऊ, याने आजपर्यंत एकही ऑपरेशन पूर्ण केलेलं नाही," सरांनी शांतपणे सांगितलं.

"तेच तं म्हणून राह्यलो जी," लटारूभाऊ म्हणाले. "आजपावेतो याच्या हातानं कोणाले काही झालं नाई."

भूल देणारे डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. सर आपल्या हातमोज्यांकडे पाहत होते. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या हातांना थांबवलं, त्याच्यापुढे एका धोतरवाल्याने असा मुद्दा ठेवला होता, की त्याला सर्जरीच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नव्हतं. भाऊंनी आणखी सांगितलं, की हे नसेल होत तर ते घरी जातात, एसटी आहे दुपारची.

सर बाजूला झाले. म्हणाले, "घे. तू कर."

आणि रिट्रॅक्टर त्यांनी स्वतः उचलला.

भूल चढल्यावर आयुषने सुरुवात केली. पहिल्या छेदाला सर थांब म्हणाले. मग म्हणाले, "हं, बरोबर आहे." पिशवी उघडताना थांब म्हणाले, आणि या वेळी थांबायला हवंच होतं, कारण आतड्याची एक कड पिशवीच्या भिंतीला चिकटलेली होती. आयुषने ती हळूहळू सोडवली. सरांचं डोकं त्याच्या खांद्यामागे होतं आणि ते त्याला आतलं दिसतंय का, असं विचारत होते. आयुषच्या लक्षात आलं, की सरांना आता त्याचा खांदा दिसत असणार. आतडं पोटात गेलं, जाळी बसली, टाके पडले. शेवटच्या टाक्याला कोणी काही म्हणालं नाही. भाऊ झोपेतून उठल्यासारखे म्हणाले, झालं का, मी वाटच पाहून राह्यलो होतो.

बाहेर आल्यावर आयुषने हात धुतले, परत धुतले, आणि दिव्यानीला फोन लावला.

त्याने सगळं सांगितलं. पहिला छेद, चिकटलेलं आतडं, जाळी. तिने मध्ये फार विचारलं नाही. मग विचारलं, "सर पूर्ण वेळ होते?"

"पूर्ण वेळ. रिट्रॅक्टर धरून."

"रिट्रॅक्टर?"

"सरांनी स्वतः धरला. आतड्याच्या वेळी थांब म्हणाले, मंग दाखवलं बोटानं, कुठून सोडवायचं ते."

मग ती म्हणाली, "नशीबवान आहेस बे."

आयुषने हे वाक्य कानात नीट बसवून घेतलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं, त्याचा आनंद होताच. पण हा आनंद त्याच्यापेक्षा गोड होता, हे त्याला मान्य करावं लागलं. त्याने आतड्याची गोष्ट पुन्हा सांगितली, थोडी लांबवून. या वेळी आतडं जास्त चिकटलेलं होतं आणि सर जास्त वेळा शाबास म्हणाले होते.

"बरं," दिव्यानी म्हणाली. "मले काल एक ॲपेंडिक्स भेटला. फुटलेला."

आयुष थांबला.

"फुटलेला?"

"पूर्ण. पोटभर पस. बाहेर रस्त्यावर ट्रकांची रांग, गाडी पुढे जायनाच, पाठवता येत नव्हतं. म्हणून इथीच केलं. एकटीनं. भूल द्यायले कसेबसे एक डॉक्टर आले. आज पेज पिऊन राह्यला तो."

हर्निया एकदम लहान झाला. इतका लहान, की बोटं त्याच्या वर सहज जुळली असती. पोटभर पस, आयुषने मनात म्हटलं, आणि ती जुनी कडू चव ठरल्या वेळी येणाऱ्या गाडीसारखी जागेवर आली. त्याने भिंतीला पाठ टेकली. मग आपण काय बोलतो आहोत, याचा विचार व्हायच्या आत तो बोलून गेला, की पोस्टिंगचे अजून काही आठवडे आहेत, अदलाबदल करायची का. ती इथे येईल, तो तिकडे जाईल. तिच्या भल्यासाठीच म्हणतो आहे, तिलाही सरांकडे शिकायला मिळेल.

"हो," दिव्यानी म्हणाली. "आजच सरांशी बोल. मी सामान भरते."

इतक्या लवकर हो आलं, की आयुषच्या हातातला फोन तसाच राहिला. तिने विचार केला नाही. डासांचं विचारलं नाही. फुटलेले ॲपेंडिक्स सोडून यायला कोणी इतक्या घाईने तयार होतं का? तिने फोन ठेवला होता. थिएटरच्या काचेतून हातझाडे सर दिसत होते. ते एका पहिल्या वर्षाच्या पोराला काहीतरी दाखवत होते आणि पोरगा बोटं जुळवून पाहत होता. आयुष तिथेच उभा राहून बघत राहिला, की या माणसाकडे असं काय आहे, जे दिव्यानीला कळलं आणि आपल्याला इतके दिवस त्याच्या मानेमागे उभं राहूनही कळलं नाही.